दोनशे बारा नंबरची चिठ्ठी

बुधवार, ५ मार्च

धाकटे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. इथे कुणी गेलेलं नाही. पहिली ओळ हीच लिहा, असं तुझ्या वहिनीने बजावलं आहे. माझा गुडघा आणि तिचा रक्तदाब दोन्ही आपापल्या जागी आहेत.

तुझं वर्षाचं कार्ड मिळालं. दोन ओळी होत्या, नेहमीसारख्या. मी उत्तर लिहीत नाही, कारण तूच सांगितलं होतंस, ‘दादा, यापुढे तू मला काही सांगू नकोस. कधीच.’ एकेचाळीस वर्षं मी ते पाळलं. आज मोडतो आहे, पण सांगायला नाही, विचारायला. विचारण्याला तुझी मनाई नव्हती.

काल आमच्या संग्रहालयातून, मी नोकरीला होतो तिथून, एक मुलगी घरी आली होती. वाळलेल्या झाडांची कपाटं आता तिच्या ताब्यात आहेत. नाव सांगितलं तिने, पण मी तिला चष्मेवाली म्हणतो, कारण चष्मा डोक्यावर ठेवून ती सगळीकडे चष्मा शोधते. तिने फोनवर एका शीटचा फोटो दाखवला. जाड कागदावर चिकटवलेलं एक रोप. खाली पानांचा चपटा गोल, मध्ये उंच दांडा, वर जांभळ्या फुलांचा तुरा. रंग अजून तसाच. भूमध्य समुद्राच्या काठचं आहे म्हणाली, कुणा बोटीवरच्या डॉक्टरने गोळा केलेलं.

ती म्हणाली, “आजोबा, ही नवी जात आहे. जगात कुणी नोंदवलीच नव्हती. तुमच्या बहिणीने ओळखली. महिनाअखेर छापून येणार.”

मी म्हटलं, “वा.”

“आणि नाव कुणाचं दिलंय माहितीये? तुमच्या आईचं.”

मी पाणी मागितलं. वहिनीने तांब्या आणला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी पाणी पिऊ शकलो नाही.

चष्मेवालीने तुझी अर्पणाची ओळही वाचून दाखवली. ‘माझ्या आईस, जिने शेवटच्या घटकेलाही माझी परीक्षा मोडू दिली नाही.’ फार चांगली ओळ आहे. बदलता येते का गं अशी ओळ, एकदा दिल्यावर? सहज विचारतो.

“हे शीट कुणी चिकटवलं होतं, आठवतं का?” तिने विचारलं.

मी म्हटलं, “छे. हजारो शीटं. कुणाकुणाची आठवण ठेवायची!”

तर माझा प्रश्न एवढाच, की ते रोप तू स्वतः उगवलेलं पाहिलंस का? समुद्राकाठी, मुळासकट? उत्तराची घाई नाही. म्हणजे आहे, थोडी आहे. महिना एकतीसचा आहे हे त्यातल्या त्यात बरं.

तुझा दादा

रविवार, ९ मार्च

धाकटे,

पहिलं पत्र अजून टाकलेलं नाही. परदेशी टपालाला किती तिकिटं लागतात ते विचारायला गेलो, तर खिडकीवर जेवणाची सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी गुडघा दुखत होता. वहिनी म्हणाली, “तिकिटाला गुडघा लावून चिकटवायचंय का?” तिच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही.

चष्मेवाली पुन्हा आली होती. तुझा लेख तिने मला सोपा करून सांगितला. तू तीन उन्हाळे त्या किनाऱ्यावर फिरलीस म्हणे. शीटवरच्या चिठ्ठीत लिहिलेली खारट जमीन वाफा न् वाफा पायाखाली घातलीस आणि ते रोप एकदाही सापडलं नाही. म्हणून तू लिहिलंस, की ही जात आता जगात उरलेली नाही, तिचा एवढा एकच नमुना आमच्या कपाटात आहे. नावाचं दावं त्या एका शीटच्या खुंट्याला बांधलेलं. खुंटा हलला की नाव सुटलं. हे मी मिस्त्रींकडून फार पूर्वी ऐकलं होतं. मिस्त्री आठवतात ना? आमच्या चिकटवण्याच्या खोलीचे प्रमुख, तू सुट्टीत आलीस की तुला रिकाम्या पुड्या घड्या घालायला देणारे.

आणखीही एक वाक्य तिने वाचलं. ‘या नमुन्याच्या पट्ट्यांची टोकं तिरकी कापलेली आहेत. हे माझ्या भावाचं काम आहे, त्यामुळे त्यात चूक नाही याची मला खात्री आहे.’

त्या वाक्यापाशी मी तिला थांबवलं.

हो, ते शीट मी चिकटवलं होतं. चष्मेवालीशी मी खोटं बोललो. पट्ट्यांची टोकं तिरकी कापायची खोड माझीच, सरळ टोक उचकटतं म्हणून. आणि दिवसही मला आठवतो. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. घरात बसवेना म्हणून मी कामावर गेलो. मिस्त्री म्हणाले, “अरे, आज कशाला?” मी म्हटलं, “हात रिकामे नकोत.” त्यांनी बोटीवरच्या डॉक्टरचा गठ्ठा पुढ्यात ठेवला.

तुला आमचं काम माहीत आहे, तरी लिहितो. जुन्या वर्तमानपत्राची एक घडी, तिच्यात एक झाड, एक नंबरची चिठ्ठी. एक घडी उघडायची, शीटवर लावायची, चिठ्ठी चिकटवायची, मगच दुसरी घडी. दोन घड्या एका वेळी उघड्या ठेवायच्या नाहीत. मिस्त्री म्हणायचे, एका टेबलावर दोन घड्या म्हणजे एका घरात दोन आत्महत्या. ते काहीही बोलायचे.

त्या दिवशी माझ्या टेबलावर दोन घड्या उघड्या होत्या. कशा, ते सांगता येत नाही. पंखा मोठ्याने फिरत होता. पंख्याच्या वाऱ्याने काहीही होऊ शकतं. त्या झाडांच्या पानांवर अजून मीठ होतं, बोटाला लागत होतं. मी समुद्र कधी पाहिलेला नाही, पण त्या दिवशी तो माझ्या नखांत होता. मी बोट जिभेला लावलं. मग पुढचं फारसं आठवत नाही. एक लांब, पांढरी दुपार. कागदावर जांभळं काहीतरी हलत होतं आणि मी त्याला पट्ट्या लावत होतो, पुन्हा उठून जाऊ नये म्हणून.

तर पंख्यामुळे एखाद्या वेळी असं झालं असेल, की खालची पानं एका घडीतली आणि वरचा दांडा दुसऱ्या घडीतला. असेलच असं नाही. शक्यता म्हणून लिहितो.

दादा

शुक्रवार, १४ मार्च

धाकटे,

दोन्ही पत्रं टेबलाच्या खणात आहेत. हे तिसरं. पंख्याचं विसर. पंखा बंद होता. मीच बंद केला होता, झाडं उडतील म्हणून.

ते रोप तुला तीन उन्हाळे सापडलं नाही, कारण ते कधी नव्हतंच. देवाने बनवलं नाही, ते मी बनवलं, डिंक आणि तिरक्या पट्ट्या घेऊन. सांध्यावर जी रुंद पट्टी आहे ना, फोटोत दिसते, तिच्याखाली दांडा पानांना टेकतो आणि जोडलेला वाटतो. माझं काम सफाईचं होतं. तेवढंच एक मला येत होतं.

हे मला आठवड्याभरातच कळलं होतं. वहिनी माझा सदरा धुवायला घेताना म्हणाली, “खिशात हे काय?” घडीतली चिठ्ठी होती. त्यावरची लिपी मला तेव्हाही वाचता येत नव्हती, आताही येत नाही. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला आकडे ओळखता येतात. दोनशे बारा. शीटवर मी दोनशे तेराची चिकटवली होती. म्हणजे दोन झाडं होती आणि शीट एकच झालं होतं.

मिस्त्रींना सांगायला हवं होतं. पण त्याच्या वर्षभर आधी एकाने असंच दोन झाडांचं एक केलं, तर त्याला मिस्त्रींनी कायमचा दरवाजा दाखवला होता. आणि आईचं वेळेवर कळवलं नाही म्हणून तू नुकतीच तोंड फिरवून गेली होतीस. तुझं पुढचं शिक्षण माझ्या नोकरीवर होतं, असं मी स्वतःला सांगितलं. प्रत्येक खोट्याला मी तुझं नाव दिलं गं. तुम्ही झाडांना नावं देता तसं.

चिठ्ठी फाडली नाही. कामातली कुठलीही गोष्ट फेकायची नाही हे अंगात मुरलेलं. सुईदोऱ्याच्या डब्यात तळाशी ठेवली. एकेचाळीस वर्षं वहिनी त्या डब्यातून बटणं काढते आहे.

परवा मला स्वप्न पडलं. आपली जुनी खोली होती, पण जमिनीऐवजी खडक, आणि भिंतीपर्यंत पाणी, निळं, कोमट. आई खिडकीशी उकिडवी बसून त्या रोपाला वाटीने पाणी घालत होती. मी म्हटलं, “अगं, हे खरं नाही, मी चिकटवलंय.” ती म्हणाली, “असू दे रे, तहान तर खरी आहे ना.” आणि दाराकडे पाहत राहिली. ती दाराकडे का पाहत होती ते मला माहीत आहे, पण तो विषय वेगळा.

वहिनीला आज सगळं सांगितलं. चुलीवरचं... गॅसवरचं दूध उतू गेलं तरी ती हलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे एकाचा शेंडा आणि दुसऱ्याचा बुडखा?”

“हो.”

“आणि त्याला सासूबाईंचं नाव?”

“हो.”

“आणि तिकडे चार विद्वान हे उघडून बघतील तेव्हा हसं कुणाचं होईल?”

“तिचं.”

“मग टाका की पत्र!”

“टाकतो. उद्या.”

“तुमचा उद्या चाळीस वर्षांचा झाला,” ती म्हणाली. “त्याचं लग्न लावून द्या आता.”

सांगितलं तर आईचं नाव पुसलं जाणार आणि तेही माझ्या हाताने. नाही सांगितलं तर तुझं नाव जाणार. एकदा तुझ्या भल्यासाठी म्हणून गप्प बसलो होतो, त्याचं काय झालं ते आपण दोघंही बघतो आहोत. पण तोंड उघडायची सवयच गेली गं. पत्र खणात ठेवतो. उद्या नक्की.

दादा

बुधवार, १९ मार्च

धाकटे,

माझ्या घरात चोरी झाली. तिन्ही पत्रं खणातून गेली आणि चोर स्वयंपाकघरात शांतपणे कांदा चिरत होता.

“मी त्या चष्मेवालीला दिली,” वहिनी म्हणाली. “तिने फोटो काढून पाठवलीही. डब्यातली ती चिठ्ठीसुद्धा.”

मी म्हटलं, “दुसऱ्याची पत्रं?”

“दुसऱ्याची कसली? नणंदेची. ज्याची त्याला पोचवली.”

म्हणजे तुला सगळं कळलं. पंख्याचं खोटं, नंतरचं खरं, दोन्ही. पहिल्या पत्रातलं ‘सहज विचारतो’ वाचून तू हसली असशील. चोराच्या मनात चांदणं.

 दोन दिवसांत गॅसचं बटण बंद आहे ना, हे बघायला मी सतरा वेळा उठलो. आज सकाळी चष्मेवाली आली ती पळतच. तुझा निरोप घेऊन. तू तो लेख थांबवलास. छापखान्यातून परत मागवलास. एवढं ऐकून मी खुर्चीत बसलो.

मग तिने मला चिठ्ठी वाचून दाखवली. एकेचाळीस वर्षं जपलेलं ते अक्षर मी पहिल्यांदा ऐकलं. ‘क्रमांक २१२. दीपस्तंभाखालचा उत्तरेकडचा कडा. लाटेचे तुषार पोचतात तेवढ्याच भागात. पानं आजवर पाहिलेल्या कुठल्याही जातीची नाहीत. अजून फूल नाही. कोळी म्हणतात, उन्हाळा संपल्यावर फुलतं.’

ती म्हणाली, “आजोबा, वरची फुलं साधी आहेत, त्या किनाऱ्यावर पोत्याने मिळतात. पण ही पानं खरंच कुणी ओळखलेली नाहीत. बाई तीन वर्षं खारट जमिनीवर शोधत होत्या, कारण शीटवर दुसऱ्या झाडाची चिठ्ठी होती. कड्यावर त्या गेल्याच नाहीत. आणि किनाऱ्यावर गेल्या त्याही भर उन्हाळ्यात.”

“मग ते झाड आहे?”

“असेल. नसेलही. फूल बघितल्याशिवाय नाव देता येत नाही.”

मी तिला तेच परत तीनदा विचारलं. तिने तीनदा सांगितलं. चांगली मुलगी आहे.

तुझ्या निरोपातली शेवटची ओळ तिने फोन माझ्या डोळ्यांजवळ धरून दाखवली. ‘दादाला सांग, दोन्ही वेगळी त्यानेच करायची. दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही.’

दादा लिहिलंस. कार्डावर नुसतं ‘नमस्कार’ असतो.

धाकटे, ते झाड शीटवरून उचलायलाच हवं का? माझे हात थरथरतात. जुना डिंक, दांडा तुटेल. वरचं वर राहू दे आणि बाजूला एक टीप लिहा, असं चालत नाही का? चष्मेवाली म्हणते, चालतं कधीकधी, पण बाईंनी सांगितलंय. मी तिला म्हटलं, विचार करून सांगतो.

सगळं सांगून झालं आहे. जवळजवळ सगळं.

दादा

गुरुवार, २७ मार्च

धाकटे,

आज शीटवरचं झाड उचललं. चष्मेवालीला मी बजावलं आहे, की उद्या सकाळपर्यंत शीटचा फोटो पाठवायचा नाही. आधी हे पत्र, तिच्याच फोनवरून, तुला मिळू दे. कागदावर जे दिसेल ते तू माझ्या तोंडून आधी ऐकावंस. तू मनाई केली होतीस. मी मोडतो.

अठरा वर्षांनी त्या खोलीत गेलो. डांबरगोळ्यांचा वास तोच. मिस्त्रींची खिडकी तीच, टेबल मात्र बदललं आहे. वहिनी बरोबर आली, नको म्हटलं तरी. कोपऱ्यात स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसली, दवाखान्यात बसतात तशी.

कोमट पाणी घेतलं. बारीक कुंचला. आधी पट्ट्या ओल्या केल्या, वरून खाली. जुना डिंक फुगायला वेळ घेतो, घाई केली की कागद फाटतो. हात थरथरत नव्हते. मला वाटलं होतं थरथरतील. पाण्याचा वास पसरला तसा खारटपणा आला, खरंच आला, वहिनीलाही आला. खोलीत कुठेतरी भरती आल्यासारखी. जांभळी फुलं ओली झाली आणि काल तोडल्यासारखी दिसायला लागली. तू नऊ वर्षांची असताना याच खिडकीत असलंच एक फूल हातात धरून म्हणाली होतीस, “दादा, हे मेलंच नाहीये, फक्त गप्प बसलंय.”

रुंद पट्टी शेवटी सोडवली. चिमट्याने दांडा उचलला.

त्याच्याखाली शिसपेन्सिलने लिहिलेली एक ओळ आहे. माझ्या अक्षरात, बारीक. हे शीट दोन वर्षं तुझ्याकडे उसनं होतं, तुझ्या भिंगाखाली. ती ओळ तेव्हा दांड्याखाली होती, तुझ्या डोळ्यांपासून एका काडीच्या अंतरावर. ओळ अशी आहे:

‘धाकटे, आई तुला बोलाव म्हणत होती. मी बोलावलं नाही.’

आता सांगतो. मी तुला सांगितलं होतं, की आईच म्हणाली, पोरीची परीक्षा मोडू नकोस. ती तसं म्हणाली नव्हती. ती तीन दिवस तुझंच नाव घेत होती. परीक्षेचं तिला काही पडलं नव्हतं, पडलं होतं ते मला. घरात एक तरी शिकेल, हा माझा हट्ट होता. तो मी तिच्या तोंडी घातला. आणि तिला मी काय सांगितलं? “निघालीये ती. गाडीत बसली असेल.” म्हणून ती दाराकडे पाहत राहिली. शेवटपर्यंत तिथेच पाहत होती, धाकटे. चिडून नाही. येणाऱ्याची वाट बघतात तशी, बऱ्या चेहऱ्याने.

दुसऱ्या दिवशी मला हे कुणाला तरी सांगायचं होतं, आणि माझ्यापुढे फक्त एक कोरा कागद होता. लिहिलं. मग भीती वाटली. मिस्त्री येताना दिसले. ओळ झाकायला काहीतरी उभं, लांब हवं होतं. पानांच्या घडीत दांडा नव्हता. म्हणून मी दुसरी घडी उघडली.

घड्या अशा उघडल्या. पंखा नाही, पांढरी दुपार नाही, आणि आठवड्याने कळलं हेही नाही. मी झाकत होतो.

वहिनी स्टुलावरून उठून आली आणि तिने वाचलं.  रुमाल माझ्या हातात दिला आणि पुन्हा जाऊन बसली. चष्मेवालीने चष्मा शोधला, डोक्यावर सापडला, मग तो पुसत म्हणाली, “आजोबा, पेन्सिल आहे. खोडता येईल, कागद खराब न करता.”

मी म्हटलं, “नको. आमच्यात काही फेकत नाहीत.”

ती ओळ असलेलं शीट आहे तसं कपाटात जाईल, दोनशे तेरा नंबरचं साधं फूल शेजारी सरकवून लावलं आहे. यावेळी ओळीवर काही ठेवलं नाही. तुझी अर्पणाची ओळ तू आता काढशील. काढायलाच हवी. त्या झाडाला आईचं नाव ठेवशील की नाही, ते तुझं तू ठरव. मी त्यात पडत नाही. आणि पुन्हा कधी कार्ड पाठवलं नाहीस तर वहिनीला वाईट वाटेल, मला समजेल.

दोनशे बाराची पानं मी नव्या शीटवर लावली. मूळ खाली, पानांचा गोल नीट पसरून, त्याची स्वतःची चिठ्ठी त्याच्या कोपऱ्यात, एकेचाळीस वर्षांनी. पट्ट्यांची टोकं तिरकी. झाड लहान आहे, शीटच्या मधोमध शोभलं असतं. चष्मेवाली म्हणालीसुद्धा, “आजोबा, फार खाली लावलंत.”

मुद्दाम लावलं आहे. ऑक्टोबरात तू त्या कड्यावर जाशील. सांभाळून जा, खडक ओला असेल, चपला चांगल्या घाल. फूल मिळालं तर दांड्यासकट घे आणि वर्तमानपत्राच्या एका घडीत एकच ठेव.

वर जागा सोडली आहे.

दादा